काळीची तजवीज, पांढरीची उपेक्षा

मे महिन्याच्या अखेरीस रोहिणी नक्षत्र लागते आणि खेड्यातील माणसाची नजर एकाच वेळी दोन ठिकाणी फिरू लागते. एक नजर शेताकडे असते, दुसरी घराच्या आढ्याकडे. मृगाला जेमतेम पंधरवडा उरलेला असतो. तेवढ्या अवधीत पाळी घालायची, बी-बियाणे व खते आणायची. आणि त्याच अवधीत घर शाकारायचे, माळवदावरचे गवत खरवडायचे, पन्हळी मोकळ्या करायच्या, कडब्याची गंजी झाकायची, गोवऱ्या व सरपण कोरड्या जागी रचायचे. आपल्या पूर्वजांनी शेतजमिनीला ‘काळी’ आणि वस्तीच्या जागेला ‘पांढरी’ म्हटले. पावसाळ्यापूर्वीच्या पंधरवड्यात या दोघी एकाच धन्याच्या खिशाकडे हात पसरतात. त्यांपैकी काळीची मागणी पुरविण्यासाठी गेल्या शंभर वर्षांत कायदे झाले, सोसायट्या निघाल्या, बँका उभ्या राहिल्या. पांढरीची मागणी मात्र अद्याप ज्याच्या त्याच्या कुवतीवर सोडलेली आहे.

एक जिल्हा, दोन पावसाळे

२०२४ मध्ये ज्याचे नाव अहिल्यानगर झाले तो अहमदनगर जिल्हा या प्रश्नाच्या अभ्यासास विशेष सोयीचा आहे. १४ तालुक्यांचा आणि १७ हजारांहून अधिक चौरस किलोमीटरचा हा जिल्हा क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा. त्याच्या पश्चिम टोकाला अकोले तालुक्यात कळसूबाईचे १६४६ मीटर उंचीचे शिखर आहे, १९२६ साली पूर्ण झालेले भंडारदऱ्याचे धरण आहे आणि घाटघर-रतनवाडीचा अतिपर्जन्याचा पट्टा आहे. तेथे एका पावसाळ्यात चार-पाच हजार मिलिमीटर पाणी कोसळते. खुद्द नगर शहराच्या आसपास वर्षाची सरासरी पाचशे-सहाशे मिलिमीटरच्या घरात आहे आणि पूर्वेचे तालुके तर दुष्काळी म्हणूनच ओळखले जातात.

घरेही या पावसाप्रमाणे घडली. डांगाणातील घराला उतरते छप्पर, कारवीच्या कुडाच्या भिंती आणि पश्चिमेकडून येणारी झड अडविण्यासाठी बाहेरून उभारलेला आडोसा. तेथे चार महिन्यांचे धान्य, मीठ-मिरची आणि सरपण घरात आले म्हणजेच पावसाळ्याची तयारी पुरी झाली असे मानतात. कारण एकदा झड लागली की बाजारची वाट आठवडा-आठवडा बंद पडते. पूर्वेकडे दगडामातीच्या जाड भिंती आणि त्यांवर सपाट माळवद. तुळयांवर फळ्या किंवा काटक्या, त्यांवर पालापाचोळा आणि सर्वांवर पांढऱ्या मातीचा थर. उन्हाळ्यात थंडावा देणारे, कमी पावसाला पुरेसे असे हे छप्पर. पण त्याला दरवर्षी माणसाचा हात लागावाच लागतो. एक वर्ष चुकले की तुळई कुजते आणि दोन वर्षे चुकली की भिंत फुगते.

श्रमाचे छप्पर आणि रोखीचे छप्पर

या जुन्या घरांचे अर्थशास्त्र साधे होते. माती गावाच्या पांढरीतून मिळे, गवत व लाकूड रानातून मिळे, श्रम घरचे असत आणि कमी पडल्यास शेजाऱ्यांचे घेऊन ते पुढे फेडले जात. भिंतींचे लिंपण आणि जमिनीचे सारवण हा तर सर्वस्वी स्त्रियांचा भाग. याचा अर्थ दुरुस्ती फुकट होत असे असा नव्हे. तिची किंमत पैशात नव्हे, दिवसांत मोजली जाई. आजही राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात नवे घर बांधले तर ती भांडवलनिर्मिती ठरते; परंतु घरच्याच माणसांनी केलेली डागडुजी आणि सारवण उत्पादनाच्या व्याख्येतच बसत नाही. ज्याची नोंद नाही त्याची योजना होत नाही, हा नियोजनाचा अनुभव येथेही खरा ठरला.

पुढे पत्रे आले आणि त्यानंतर स्लॅब आला. दरवर्षीची मेहनत वाचली, हा लाभ निःसंशय मोठा होता. माळवदावर माती चढविणाऱ्या म्हाताऱ्याला किंवा शेणामातीच्या पाट्या वाहणाऱ्या बाईला जुन्या घराचे गोडवे गाण्याचे कारण नाही. परंतु या बदलाने खर्चाचे स्वरूप पालटले. श्रमाचे छप्पर दरवर्षी थोडे मागत असे. रोखीचे छप्पर बरीच वर्षे काही मागत नाही आणि मग एकदम मोठी रक्कम मागते. पत्रा गंजतो किंवा वावटळीत उडतो, स्लॅबला भेग पडते, आतील सळईला गंज चढून सिमेंटचे पोपडे सुटतात. ही मागणी नेमकी पेरणीच्या तोंडावर येते. हातात श्रम असूनही ती भागत नाही. तिला पैसाच लागतो. छपराचा प्रश्न अशा रीतीने कर्जाचा प्रश्न झाला.

सातबारा आणि नमुना आठ

कर्जाच्या बाबतीत या जिल्ह्याला इतिहास आहे. १८७५ साली सावकारांविरुद्धचे दख्खनचे दंगे पुणे आणि नगर या दोन जिल्ह्यांतच भडकले व १८७९ मध्ये शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. १९५१-५२ च्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीत ग्रामीण कर्जपुरवठ्यात सहकारी संस्थांचा वाटा तीन टक्क्यांच्या आसपासच आढळला. त्या पाहणी समितीचे एक सदस्य धनंजयराव गाडगीळ हेच विठ्ठलराव विखे पाटलांच्या बरोबरीने प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याच्या उभारणीत होते. १९५० मध्ये सुरू झालेल्या त्या कारखान्याने सहकाराला नवी दिशा दिली. गावोगाव विकास सोसायट्या झाल्या, पीककर्ज मिळू लागले.

हे सारे काळीसाठी झाले. काळीला सातबारा असतो. त्यावर बोजा चढविता येतो. पांढरीची नोंद ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर असते. तो घरपट्टीच्या आकारणीचा कागद. मालकीचा पुरावा नव्हे. तेव्हा ज्या घरात कुटुंबाची कित्येक वर्षांची कमाई गुंतली आहे त्या घरावर बँक दहा हजार रुपयेही द्यायला कचरते. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेने ड्रोनद्वारे गावठाणांची मोजणी करून मिळकत पत्रिका देण्याचे काम हाती घेतले. हे पाऊल योग्य आहे. पण कागद हाती आल्याने कर्ज आपोआप चालून येत नाही.

किसान क्रेडिट कार्डाची योजना १९९८ मधील. २०१२ मध्ये सुधारलेल्या योजनेत पीककर्जाच्या मर्यादेवर घरखर्चादी गरजांसाठी १० टक्के आणि शेतीच्या साधनांच्या देखभाल-दुरुस्तीसाठी २० टक्के रकमेची भर धरण्यात आली. पंप, अवजारे दुरुस्त करावी लागतात हे योजनाकारांच्या ध्यानात आले. ज्या छपराखाली बियाण्याची पोती आणि गेल्या हंगामाचे धान्य असते तेही शेतीचेच साधन आहे, हे मात्र ध्यानात आले नाही. परिणाम उघड आहे. पीककर्जातील काही रक्कम पत्र्यांकडे वळते व खताची मात्रा कमी होते; किंवा सावकाराची पायरी चढावी लागते. उधळपट्टी म्हणून ज्याला नावे ठेवली जातात त्या कर्जाचा काही भाग असा छपरात गेलेला असतो.

कुलूप लागलेली घरे

पाथर्डी, शेवगाव, जामखेड या तालुक्यांतील ऊसतोड मजुरांची अवस्था याहून बिकट आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास नवरा-बायकोचा ‘कोयता’ कारखान्याच्या वाटेला लागतो आणि गाळप संपल्यावर उन्हाळ्यात परततो. या काळात घराला कुलूप असते किंवा ते म्हाताऱ्या आईबापांच्या हवाली असते. वाळवी आणि उंदीर यांना मोकळे रान मिळते. परतल्यावर हाती जे दोन महिने उरतात त्यांत मुलांच्या शाळा, लग्नकार्य आणि थोडीफार शेती यांतून घराकडे पाहायचे. पैसा लागला तर मुकादमाकडून पुढच्या हंगामाची उचल घ्यायची. उसाच्या फडात पाचटाच्या खोपीत राहून जी मजुरी अद्याप मिळवायची आहे, ती गावातल्या घराचे छप्पर नीट करण्यासाठी आधीच खर्ची पडते.

स्वस्त दुरुस्तीची किंमत

दुरुस्ती पुढे ढकलण्याची किंवा ती स्वस्तात उरकण्याची किंमत कधी कधी फार भयंकर असते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसे बळी पडली. जाड दगडी भिंती आणि त्यांवरील मातीचे अवजड माळवद हे त्या प्राणहानीचे मोठे कारण ठरले. गळती थांबविण्यासाठी जुना थर न खरवडता त्यावर नवी माती टाकणे हा सर्वांत कमी खर्चाचा उपाय. तो वर्षानुवर्षे होत राहिला आणि छताचे वजन वाढत गेले. त्या आपत्तीनंतर घरांच्या दुरुस्ती व मजबुतीकरणाचा मोठा कार्यक्रम राज्यात राबविण्यात आला. म्हणजे शासनाला दुरुस्तीसाठी पैसा देता येतो. मात्र त्यासाठी आधी ढिगारे उपसावे लागले.

खासगी घरांची ही कथा, तर सार्वजनिक छपरांची तरी काय वेगळी आहे? ऑगस्ट २०१७ मध्ये नगरजवळच्या निंबोडी येथे पावसात जिल्हा परिषदेच्या शाळेची इमारत कोसळून ३ विद्यार्थी मृत्युमुखी पडले. शाळा जूनच्या मध्यास उघडतात आणि पाऊसही त्याच सुमारास येतो. वर्गाच्या छताची पाहणी एप्रिल-मेमध्ये, खोल्या रिकाम्या असतानाच होऊ शकते. यासाठी फार मोठे शास्त्र लागत नाही. लागते ती ठराविक तारीख, ठराविक तरतूद आणि ठराविक माणसाची जबाबदारी.

गावातील रस्त्यांचीही तीच तऱ्हा. जुन्या रस्त्यावर दर काही वर्षांनी नवा काँक्रीटचा थर पडतो. रस्ता उंच होत जातो आणि बाजूच्या घराचे जोते खाली राहते. मग घरधनी अंगणात मुरूम टाकतो, उंबऱ्याशी बांध घालतो. त्याने अडविलेले पाणी शेजाऱ्याच्या ओसरीत शिरते. प्रत्येकाने आपापले घर राखले आणि एकूण गल्ली मात्र बुडाली, असा हा प्रकार होतो. गटार ही वस्तूच अशी आहे की ती एकट्याने राखता येत नाही.

इतरत्र काय होते

थंड देशांत जी धांदल हिवाळ्यापूर्वी उडते ती आपल्याकडील या धांदलीचीच बहीण होय. बर्फ पडण्यापूर्वी तेथील घरमालक फावडी, बर्फ हटविण्याची यंत्रे, मीठ-वाळू यांची जुळवाजुळव करतात. मोटारीची वाट आणि गॅरेज ठाकठीक करतात. परंतु तेथे ही केवळ हौस वा हुशारी राहिलेली नाही. अमेरिकेतील मिनियापोलिस शहराचा नियम असा की, हिमवर्षाव थांबल्यापासून २४ तासांच्या आत घरमालकाने आपल्या घरापुढील पदपथ मोकळा केला पाहिजे. रस्त्यावरचा बर्फ नगरपालिका काढते. खासगी कर्तव्य कोठे संपते आणि सार्वजनिक कर्तव्य कोठे सुरू होते याची रेषा आखलेली आहे.

इतक्या दूर जाण्याचीही गरज नाही. महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार सदस्यांकडून दरवर्षी बांधकाम खर्चाच्या किमान ०.७५ टक्के दुरुस्ती-देखभाल निधी आणि किमान ०.२५ टक्के सिंकिंग फंड घेणे अपेक्षित आहे. म्हणजे शहरातील सदनिकाधारक नोकरदाराला छपराच्या म्हातारपणाची तरतूद आधीच करावी लागते. त्याबद्दल तो सभेत कुरकुरतो, पण गच्ची गळू लागली की त्याच निधीकडे धाव घेतो. खेड्यातील माणसाला असा निधी नाही. त्याला मिळते ते एकरकमी घरकुल. २०१६ च्या ग्रामीण आवास योजनेत सपाट प्रदेशातील घराला १ लाख २० हजार व डोंगरी भागातील घराला १ लाख ३० हजार रुपये साहाय्य ठरले. रोजगार हमीतून मजुरीच्या दिवसांची जोडही ठेवण्यात आली. घर बांधून झाल्याचे छायाचित्र निघाले की योजनेचे काम संपते. दहाव्या पावसाळ्याचा विचार तिच्यात नाही.

करण्याजोगे

उपाय अवाढव्य नाहीत. विकास सोसायटीने पीककर्जाबरोबर घरदुरुस्तीसाठी लहान रकमेचे, दोन-तीन हंगामांत फेडावयाचे कर्ज द्यावे आणि ते एप्रिलमध्ये द्यावे. जूनमध्ये मिळालेल्या पैशाचा उपयोग नाही. पत्रे, ताडपत्री, सिमेंट यांची एकत्र खरेदी सोसायटीला खतासारखीच करता येईल. घरपट्टीतील ठराविक हिस्सा ग्रामपंचायतीने गटारांच्या सफाईसाठी वेगळा काढावा आणि नवा रस्ता करताना आधी जुना थर उखडण्याची अट घालावी. घरकुलाच्या लाभार्थ्याला बांधकामानंतर काही वर्षांनी पाहणी व दुरुस्तीचे छोटे साहाय्य मिळाले तर पहिली गुंतवणूक वाया जाणार नाही.

यावर असे म्हटले जाईल की, आपले घर नीट ठेवणे ही ज्याची त्याची जबाबदारी. तिचा भार समाजाने का वाहावा? आक्षेप अगदीच पोकळ नाही. फुकट मिळणाऱ्या दुरुस्तीने आळस वाढण्याचा धोका आहे, म्हणूनच वर अनुदानापेक्षा कर्जावर भर दिला आहे. परंतु जबाबदारी पार पाडण्यासाठी साधन हाती असावे लागते. पाळी आणि पेरणी हीसुद्धा ज्याची त्याची जबाबदारीच होती; तरी तिच्यासाठी कर्जाची व्यवस्था उभारणे हे समाजाने आपले काम मानले आणि त्यामुळे शेतकरी आळशी झाला असे कोणी म्हणत नाही.

मृगाचा पहिला पाऊस वेळेवर आला म्हणजे गावात आनंद होतो. त्या रात्री ज्या घरात माणसे अंथरुणे गुंडाळून, गळतीखाली पातेली मांडून आणि बियाण्याची पोती कोरड्या कोपऱ्यात सरकवून बसलेली असतात, त्यांनाही तो पाऊस हवाच असतो. उद्या पेरणीला त्यांनाही जायचे असते.