ॲपला मुक्काम कळतो, वाट कळत नाही

गूगल मॅप्स पाहत निघालेल्या एका बाईंची गाडी खाडीत पडल्याची नवी मुंबईतल्या बेलापूरची बातमी सर्वांनी वाचली आहे. बाईंचा जीव वाचला, आणि ‘मॅपच्या नादी लागू नका’ हा उपदेश व्हॉट्सॲपवर भरपूर फिरला. त्या उपदेशातून हाती काहीच लागत नाही. २५ जुलै २०२५ च्या मध्यरात्रीनंतर जे घडले ते जरा नीट पाहायला हवे. उलव्याकडे जायचे तर खाडीपुलावर चढायचे होते. गाडी पुलाखालच्या रस्त्याने सरळ ध्रुवतारा जेट्टीवर गेली आणि तिथून पाण्यात. सागरी सुरक्षा पोलीस जवळच होते म्हणून निभावले. पूल आणि त्याच्या खालचा रस्ता नकाशावर जवळजवळ एकमेकांवर पडतात. गाडी वर आहे की खाली, हे खिशातल्या फोनला खात्रीने सांगता येत नाही.

नागपूरकरांनी ही बातमी नवी मुंबईची म्हणून सोडून देऊ नये. रस्त्यावर रस्ता आणि त्याच्यावर मेट्रो बांधण्यात आपले शहर देशात पुढे आहे. वर्धा रोडवरचा डबल डेकर पूल ३.१४ किलोमीटरचा. नोव्हेंबर २०२० मध्ये तो सुरू झाला आणि पुढे गिनीज बुकात गेला. कामठी रोडवर गड्डीगोदामला तर खाली रस्ता, त्यावर रेल्वे, त्यावर उड्डाणपूल आणि सर्वात वर मेट्रो असे चार थर आहेत. विमानतळाजवळच्या मिहान औद्योगिक क्षेत्राकडे निघालेली गाडी अजनीच्या पुढे पुलावर चढली की खालूनच चालली, हे ओळखणे फोनसाठी सोपे नाही. उपग्रहांवरून मिळणारी जागा मोकळ्या आकाशाखालीसुद्धा काही मीटर इकडेतिकडे असते आणि उंचीचा अंदाज त्याहून कच्चा असतो. डोक्यावर मेट्रोचा काँक्रीटचा पट्टा आला की सिग्नल बाजूच्या इमारतींवर आपटून येतात. मग ॲप तुमची आधीची जागा, वेग आणि दिशा पाहून तुम्हाला जवळच्या एखाद्या रस्त्यावर ‘बसवते’. गाडी पुलावर असते आणि ॲप तिला खाली छत्रपती चौकात समजते. ते ‘डावीकडे वळा’ म्हणते, वळायला जागाच नसते, आणि ॲपच्या हिशेबात तुम्ही वाट चुकलेले ठरता. लगेच नवा मार्ग. मार्ग बदलण्याचे हे कारण मला सर्वात दुर्लक्षित वाटते: चालक ठरल्या वाटेवरच असतो, पण ॲप त्याला भलत्या रस्त्यावर समजत असते.

पण हा झाला तांत्रिक अडथळा. मूळ दुखणे वेगळे आहे, आणि ते मिहानमध्ये रोज रात्री दिसते.

आयटी कंपन्यांच्या शिफ्ट कॅब सुटतात तेव्हा त्यांचा मार्ग आधीच ठरलेला असतो. २०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियमात रात्री ९.३० ते सकाळी ७ या वेळेत काम करणाऱ्या महिलांची संमती, सुरक्षितता आणि त्यांना घराच्या दारापर्यंत पोहोचवण्याची व्यवस्था यांचा स्पष्ट उल्लेख आहे. चांगल्या ट्रान्सपोर्ट डेस्कचा रोस्टर त्याच भावनेने बनतो. आधी कोणाचा ड्रॉप, शेवटी कोण, गाडीत एकटी महिला उरणार असेल तर गार्ड आहे का, कुठला रस्ता रात्रीही जागा असतो, कुठे दिवे नाहीत. हे सगळे विचारात घेऊन वर्धा रोडने वर जायचे आणि मगच आत वळायचे, असे ठरते. चालक फोनवर पत्ता टाकतो. बेसा-बेलतरोडीच्या आतल्या रस्त्यांनी तीन मिनिटे वाचणार असतील, तर ॲपच्या दृष्टीने तो मार्ग चांगला. मिनिटे त्याला मोजता येतात. बंद दुकानांची रांग, वळणावरचा अंधार, मागच्या सीटवरच्या मुलीला वाटणारी धाकधूक यांचे आकडे त्याच्याकडे नाहीत.

घरी संगणकासमोर बसून केलेल्या नियोजनाचेही असेच होते. पडद्यावरची निळी रेघ माउसने ओढून हव्या त्या रस्त्यावर आणता येते. समृद्धी महामार्गाने निघायचे पण वाटेत कारंजा घ्यायचे, किंवा समृद्धी टाळून जुन्या रस्त्याने अमरावतीकडून जायचे, असा बेत आपण मन लावून आखतो. तो फोनवर पाठवल्यावर ओढलेली रेघ जशीच्या तशी सोबत येईल याचा भरवसा नसतो. फोन पक्के धरून ठेवतो ते मुक्काम आणि नोंदवलेले थांबे. मधली वाट तो त्या क्षणीची वाहतूक पाहून नव्याने काढतो. गूगलच्याच ‘माय मॅप्स’मध्ये काढलेली रेघ फोनवर दिसते, पण तिच्यावरून वळणावळणाला सूचना मिळत नाहीत. आपण ज्याला मार्ग म्हणतो तो ॲपच्या लेखी एका प्रश्नाचे तात्पुरते उत्तर असतो, आणि तो प्रश्न गाडी चालू असताना ते पुन्हा पुन्हा सोडवत असते. दोन ठिकाणांमधली सर्वात कमी खर्चाची वाट शोधण्याची मूळ रीत डच गणिती एड्सगर डायक्स्ट्रा यांनी १९५६ मध्ये बसवली. तीत प्रत्येक रस्त्याला एक ‘खर्च’ लागतो. तो काय धरायचा हे ॲप ठरवते: मुख्यतः वेळ, आणि आता थोडे इंधनही. २०२४ पासून भारतात इंधन वाचवणारा मार्ग सुचवण्याची सोय आली आहे. गाडी पेट्रोलची की डिझेलची हे सेटिंगमध्ये चुकीचे असेल तर तो हिशेबही चुकतो.

वेळेचा आकडा कुठून येतो, याचे उत्तर बर्लिनच्या सायमन वेकर्ट या कलाकाराने फेब्रुवारी २०२० मध्ये जगाला दाखवले. हातगाडीत ९९ जुने फोन टाकून तो रिकाम्या रस्त्यावरून चालत गेला आणि नकाशावर तो रस्ता लाल झाला. वाहतूक म्हणजे हळू चालणारे फोन. याची दुसरी बाजू मिहानभोवती दिसते. जिथे फोनच फारसे नाहीत, त्या गावरस्त्यावर ॲप जुन्या नोंदी आणि अंदाज यांवर चालते. रस्ता अर्धा उखडलेला असेल, कडेला बैलगाडी उभी असेल, पण हळू चालणारे फोन पुरेसे नसतील तर नकाशावर तो मोकळा. शिवाय ॲप फक्त आत्ताची स्थिती पाहत नाही. तुम्ही तिथे पोहोचाल तेव्हा काय असेल याचे भाकीतही करते. म्हणून समोर रस्ता मोकळा दिसत असताना ते अचानक वळायला सांगते आणि चालक चक्रावतो.

इथे मला एका माणसाबद्दल सविस्तर लिहायचे आहे, कारण ॲपच्या चर्चेत त्याचे नाव निघत नाही. जॉन ग्लेन वॉर्ड्रॉप ब्रिटनच्या रोड रिसर्च लॅबोरेटरीत काम करत होते. १९५२ मध्ये त्यांनी दोन तत्त्वे मांडली. पहिले असे: प्रत्येक चालक स्वतःपुरती सर्वात जलद वाट निवडत गेला, तर शेवटी वापरातल्या सगळ्या वाटांना सारखाच वेळ लागू लागतो आणि वाट बदलून कोणाचाच फायदा होत नाही. दुसरे असे: सर्वांचा मिळून सरासरी वेळ कमीत कमी व्हावा अशी वाहतुकीची वाटणी वेगळी असते, आणि तिच्यात काहींना मुद्दाम थोडी लांबची वाट घ्यावी लागते. या दोन अवस्था सहसा एक नसतात. पुढे १९६८ मध्ये डीट्रिख ब्राएस या जर्मन गणितीने दाखवले की प्रत्येक जण स्वतःपुरते पाहत असेल तर एक नवा जोडरस्ता बांधल्यानेही सगळ्यांचा प्रवास लांबू शकतो.

जामठ्याच्या स्टेडियमवरची मॅच संपलेली रात्र डोळ्यांसमोर आणा. सुमारे ४५ हजार माणसे एकाच वेळी वर्धा रोडवर येतात. त्यात बुटीबोरीकडून येणारे ट्रक आणि मिहानच्या शिफ्टच्या गाड्या. मुख्य रस्ता लाल होतो, ॲप आतला गावरस्ता दाखवते. पहिल्या पन्नास गाड्यांचे भले होते. पुढच्या पाचशे गाड्या त्याच आतल्या रस्त्यावर अडकतात, कारण पहिल्यांचे फोन सुसाट चाललेले दिसले. थोड्या वेळात दोन्ही रस्त्यांना सारखाच वेळ लागतो. वॉर्ड्रॉप यांचे पहिले तत्त्व असे रस्त्यावर उतरते, आणि किंमत मोजतात ती रस्त्यालगतची घरे. मिहानसाठी ज्या गावांच्या जमिनी गेल्या, त्यांच्याच दारातून मध्यरात्री कर्कश हॉर्न का वाजावेत? अमेरिकेत न्यू जर्सीतल्या लिओनिया या छोट्या गावाने २०१८ मध्ये गर्दीच्या वेळी आपले आतले रस्ते बाहेरच्या गाड्यांना बंद केले होते, ते ॲपने पाठवलेल्या गाड्यांना कंटाळूनच. मॅचच्या दिवशी वाहतूक पोलीस बदललेल्या मार्गांची सूचना काढतात, ती वर्तमानपत्रांत येते. ही वाटणी शहराचे हित पाहून केलेली असते. ॲपची वाटणी एकेका ग्राहकापुरती असते. शहराने पोलिसांच्या बाजूने उभे राहावे असे माझे स्पष्ट मत आहे.

आणि आता तो क्षण, ज्याबद्दल खरी तक्रार आहे. खापरीच्या पुढे गाडी ८० च्या वेगात आहे. पडद्यावर निळ्या रेघेशेजारी करडी रेघ उमटते, खाली पट्टी येते: अधिक जलद मार्ग, इतकी मिनिटे वाचतील. बटणातला रंग डावीकडून उजवीकडे भरत जातो. नकार द्यायचा तर स्टिअरिंगवरचा हात काढून बोट लावायचे. काहीच केले नाही तर रंग भरतो आणि मार्ग बदलतो. ८० च्या वेगाने दहा सेकंदांत गाडी सव्वादोनशे मीटर जाते. जो चालक नियम पाळून फोनला हात लावत नाही, त्याच्यावरच बदल लादला जातो. मौन ही संमती धरण्याची ही पद्धत चुकीची आहे. चालकाने होकार दिला नाही तर जुनाच मार्ग राहावा, एवढी साधी उलटापालट करायला कोणती अडचण आहे? मार्गाला कुलूप घालण्याचे एक बटण ॲपमध्ये ठळकपणे असायला हवे. शिफ्ट कॅबसाठी तर ते सक्तीचे करावे.

जानेवारी २०२१ मध्ये अकोले तालुक्यात रात्री ॲपने दाखवलेल्या वाटेने कळसूबाईकडे निघालेली पुण्याची गाडी कोतूळजवळ पिंपळगाव खांड धरणाच्या पाण्यात गेली आणि चालकाचा मृत्यू झाला. तिथला पूल पाण्याखाली जातो हे पंचक्रोशीत सर्वांना ठाऊक होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात फरीदपूरजवळ रामगंगेवरच्या तुटक्या पुलावरून गाडी खाली पडून तिघे गेले. दोन्हीकडे माहिती होती, ती फक्त ॲपपर्यंत पोहोचली नव्हती. पुलाच्या तोंडाशी भक्कम अडथळा उभारणे हे प्रशासनाचे काम, आणि ते ॲपवर ढकलता येणार नाही. पण रस्ता बंद केल्याची नोंद नकाशा कंपन्यांना त्याच दिवशी देणे हेही आता त्याच कामाचा भाग मानले पाहिजे. गूगलने जुलै २०२४ मध्ये अरुंद रस्ते टाळण्याची सोय आठ शहरांत सुरू केल्याचे जाहीर केले. त्यांत इंदूर होते, भोपाळ होते. नागपूर नव्हते.

तोवर हातात काय आहे? ठरलेली वाट धरायची असेल तर त्या वाटेवर मधले थांबे टाका. फोनवर असे नऊ थांबे टाकता येतात, आणि दोन थांब्यांमधले अंतर जितके कमी, तितकी ॲपला मोकळीक कमी. थांबा टाकताना नकाशा मोठा करून तो दुभाजकाच्या आपल्याच बाजूला पडला आहे ना हे पाहा, नाहीतर वर्धा रोडवर मेट्रोच्या खांबांपलीकडे जाण्यासाठी लांबचा यू-टर्न घ्यावा लागतो. ज्यांना आखलेली रेघ तंतोतंत पाळायची आहे, त्यांच्यासाठी ‘ऑसमॅन्ड’सारखी ॲप्स आहेत, त्यांत रेघेची फाइल टाकली की सूचना त्या रेघेवरूनच मिळतात. आणि बेत चालकाशेजारी बसलेल्याने वाचावा, चालकाने नाही.

मिहानमध्ये आणखी एक काळजी घ्यावी. इथल्या जागा मोठ्या आहेत. एम्सचा परिसरच दीडशे एकरांचा आहे, तर सेझला कुंपण आणि पासचा पहारा आहे. इमारतीच्या मधोमध पडलेली पिन कित्येकदा नकाशावर जवळच्या पण आत शिरता न येणाऱ्या रस्त्याला जोडली जाते, आणि गाडी कुंपणाच्या मागच्या बाजूला जाऊन उभी राहते. गडचिरोली-चंद्रपूरकडून रुग्ण घेऊन पहिल्यांदा येणाऱ्या माणसाला लोकेशन पाठवाल तेव्हा गेटची पिन पाठवा, गेटचा क्रमांक शब्दांत लिहा आणि तिथे उभ्या असलेल्या कोणाचा तरी फोन नंबर सोबत द्या.