पासवर्ड बरोबर, तरी लॉगिन होईना: बिघाड शोधायचा कुठं?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं वाटतं, त्यांच्यासाठी आजचा भाग लिहून देतोय.

पासवर्ड दोनदा तपासून टाकलाय, तरी स्क्रीनवर तेच: 'युजरनेम किंवा पासवर्ड चुकीचा आहे.' आपण हे वाक्य लगेच खरं मानतो. पण त्याचा अर्थ एवढाच, की सर्व्हरला जुळणी मिळाली नाही. का नाही, ते तो मुद्दाम सांगत नाही. 'युजरनेम बरोबर आहे, फक्त पासवर्ड चुकलाय' असं सांगितलं तर चोराचं अर्धं काम तिथंच झालं की!

आत काय चालतं बघा. तुमचा पासवर्ड डेटाबेसमध्ये जसाच्या तसा ठेवत नाहीत, त्याचा हॅश ठेवतात. म्हणजे दळून केलेलं पीठ समजा. पिठाचे परत गहू होत नाहीत. तुम्ही लॉगिन करता तेव्हा टाकलेला पासवर्ड त्याच पद्धतीनं पुन्हा दळायचा आणि दोन्ही पिठं जुळतात का ते बघायचं.

आता दुरुस्ती. पहिला प्रश्न कोडचा नाहीच: एकालाच होतंय की सगळ्यांना? एकालाच असेल तर त्याचा फोन किंवा त्याची नोंद बघा. फोनचा कीबोर्ड पहिलं अक्षर आपोआप कॅपिटल करतो, सुचवलेला शब्द निवडला की मागं एक स्पेस चिकटवतो. निम्म्या तक्रारी इथंच मिटतात, असा माझा अनुभव.

सगळ्यांना होत असेल तर सर्व्हरची एरर लॉग फाइल उघडायची. अंदाज बांधत बसण्यापेक्षा ती पाच मिनिटं वाचलेली बरी. अपाचीच्या स्वतःच्या डेटाबेस लॉगिनमध्ये ४०१ आलं तर तपासणी झाली आणि नकार मिळाला. ५०० आलं तर बहुतेक वेळा तपासणीच झाली नाही. लॉगमध्ये 'ॲक्सेस डिनाइड फॉर युजर' दिसलं तर नाव नीट वाचा. ते विद्यार्थ्याचं नसतं, साइट ज्या नावानं डेटाबेसमध्ये शिरते ते असतं. लॉगिन दोन आहेत, आणि इथं भलेभले गोंधळतात. २०१८ मध्ये मायएसक्यूएल ८ आलं, तेव्हा डेटाबेसची ही आतली पडताळणीची पद्धत बदलली. जुन्या लायब्ररीवर चालणाऱ्या कितीतरी साइट तेव्हा दारातच अडकल्या.

सगळ्यात फसवा बिघाड मात्र लॉगमध्ये दिसतच नाही. आपल्या उमरग्यातल्या एका अभ्यासिकेची भरतीच्या सराव परीक्षांची साइट नव्या सर्व्हरवर हलवली होती. मुरूम, गुंजोटी, येणेगूरची पोरं घरूनच फोनवर पेपर सोडवतात. सकाळी पेपर, आणि आदल्या रात्री एकालाही लॉगिन होईना. नवीन पासवर्ड घेतला तरी तेच! लॉग स्वच्छ, डेटाबेस चालू. शेवटी एकाच विद्यार्थ्याची नोंद उघडून हॅशची अक्षरं मोजली. भरली ५०. बीक्रिप्टचा हॅश नेहमी ६० अक्षरांचा असतो. नव्या टेबलात रकाना ५० चाच ठेवलेला, आणि मायएसक्यूएलचा स्ट्रिक्ट मोड बंद, त्यामुळं शेवटची १० अक्षरं त्यानं गुपचूप कापली.

रकाना मोठा केला म्हणून कापलेलं परत येत नाही, हे ध्यानात घ्या. जुन्या सर्व्हरवर बॅकअप होता म्हणून पूर्ण हॅश मिळाले. नसता तर प्रत्येकाला पासवर्ड नव्यानं घ्यायला लावण्याशिवाय इलाज नव्हता. रकाना २५५ चा ठेवा, पीएचपीचं मॅन्युअलही तेच सुचवतं.

त्या रात्री एक सूचना आली होती: 'हॅश-बिश काढून टाका, सगळ्यांना १२३४५६ द्या.' घाईत हे सगळ्यांनाच सुचतं. २००९ मध्ये रॉकयू या कंपनीचा डेटा फुटला, त्यात ३ कोटींहून जास्त पासवर्ड जसेच्या तसे साठवलेले निघाले. सगळ्यात जास्त वापरलेला कोणता? १२३४५६. लोक एकच पासवर्ड मेललाही ठेवतात, त्यामुळं तुमची साइट छोटी असली तरी नुकसान छोटं राहत नाही.

आता खास आपल्यासाठी एक गोष्ट. मराठीत पासवर्ड ठेवता येतो, पण देवनागरीचं एक चिन्ह ३ बाइट घेतं, मात्रासुद्धा वेगळी मोजली जाते. बीक्रिप्ट ७२ बाइटच बघतं, म्हणजे २४ चिन्हं. पुढचं काहीही टाका, त्याला फरक पडत नाही. आणि 'कुऱ्हाडे'मधला 'ऱ' दोन प्रकारे लिहिला जातो: एकच चिन्ह, किंवा 'र' आणि खाली नुक्ता. डोळ्यांना सारखंच, हॅशला वेगळं. फोनवर चाललेला पासवर्ड कॉम्प्युटरवर चालत नाही, त्याचं हे एक कारण. उपाय म्हणजे दळण्याआधी अक्षरं एका रूपात आणायची, त्याला युनिकोड नॉर्मलायझेशन म्हणतात.

तुम्ही साइट चालवत नसाल, नुसतं वापरत असाल, तर तक्रार करताना तीन गोष्टी कळवा: नेमकी वेळ, स्क्रीनशॉट, आणि मित्रालाही तसंच होतंय का. वेळ मिळाली की लॉगमधली ओळ लगेच सापडते. पासवर्ड मात्र पाठवू नका, मदत करणाऱ्यानं मागितला तरी नाही. त्याला तो लागतच नाही.