नकोशा ई-मेलना आवर कसा घालावा?

शिरूर अनंतपाळ : बारावीनंतरच्या प्रवेशाचा हंगाम सुरू झाला, की लातूर जिल्ह्यातील अनेक घरांत ई-मेलचा इनबॉक्स दिवसातून दहादा उघडला जातो. 'नीट' असो वा राज्याची सीईटी, अर्ज भरतानाच ई-मेलचा पत्ता द्यावा लागतो आणि पुढील सूचना त्याच पत्त्यावर येतात. शिरूर अनंतपाळसारख्या तालुक्याच्या गावात हा अर्ज पुष्कळदा सेवा केंद्रातून भरला जातो. ई-मेलचे खातेही तेथेच उघडून मिळते. मग तोच पत्ता शिकवणीच्या चौकशीला, मोबाइलच्या दुकानात, ऑनलाइन खरेदीला असा सर्वत्र दिला जातो. काही महिन्यांतच कर्ज, लॉटरी, घरबसल्या नोकरी यांच्या जाहिरातींची रास साचते आणि त्या राशीत कामाचे एखादे पत्र दडून जाते. स्पॅमचा खरा जाच हाच.

टपालाच्या पत्राला तिकीट लागते, ई-मेलला लागत नाही. लाखभर पत्रे धाडण्याचा खर्च इतका नगण्य, की त्यांतून दोन-चार गिऱ्हाइके मिळाली तरी पाठवणाऱ्याचे भागते. ३ मे १९७८ रोजी अमेरिकेतील डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या गॅरी थ्युर्क यांनी, इंटरनेटचे पूर्वरूप असलेल्या अर्पानेटवरील सुमारे ४०० जणांना एकच जाहिरात पाठवली. ते पहिले स्पॅम मानले जाते. तक्रारी झाल्या, पण संगणकही खपले, असे थ्युर्क यांनीच पुढे सांगितले.

अमेरिकेने २००३ मध्ये यासाठी 'कॅन-स्पॅम' कायदा केला. भारतात केवळ स्पॅमसाठी स्वतंत्र कायदा नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम '६६ अ'मध्ये त्रास देण्यासाठी किंवा पाठवणाऱ्याविषयी दिशाभूल करण्यासाठी धाडलेला ई-मेल गुन्हा ठरवला होता. परंतु या कलमाचा गाजलेला वापर झाला तो भलत्याच ठिकाणी. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना फेसबुकवरील मजकुरावरून झालेल्या अटकेत त्याचा आधार घेण्यात आला. त्यानंतर श्रेया सिंघल यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी संपूर्ण कलमच रद्द केले. ते योग्यच झाले. मात्र ई-मेलविषयीची तरतूदही त्याबरोबर गेली. जाहिरातींचे फोन आणि एसएमएस यांना 'ट्राय'चे नियम आहेत, ई-मेल त्यांच्या कक्षेत येत नाही. तोतयेगिरी करून प्रत्यक्ष फसवणूक झाली, तर '६६ ड' कलम लागू होते आणि पैसे गेल्यास १९३० या क्रमांकावर तत्काळ तक्रार करता येते. एरवी बंदोबस्त ज्याचा त्यानेच करायचा.

त्यात सर्वांत गुणकारी उपाय म्हणजे दोन पत्ते ठेवणे. एक परीक्षा, बँक आणि सरकारी कामांसाठी. तो दुकानात किंवा जाहिरातीच्या अर्जावर लिहायचा नाही. दुसरा इतर सर्व व्यवहारांसाठी. सेवा केंद्रात उघडलेल्या खात्याचा पासवर्ड घरी येताच बदलावा आणि खात्याला जोडलेला मोबाइल क्रमांक आपलाच आहे ना, हेही पाहावे.

आलेले स्पॅम नुसते पुसून टाकू नये. 'स्पॅम' म्हणून खूण केली, तर तशी पत्रे ओळखण्यास चाळणीला मदत होते. 'अनसबस्क्राइब'च्या दुव्याबाबत मात्र तारतम्य हवे. ज्या दुकानातून खरोखर खरेदी केली, त्याची पत्रे या दुव्याने थांबतात. दररोज ५००० किंवा अधिक पत्रे पाठवणाऱ्यांना 'जीमेल'ने २०२४ पासून जाहिरातींच्या पत्रांत ही सोय एका क्लिकमध्ये देणे बंधनकारक केले आहे. अनोळखी पत्रातील तोच दुवा दाबणे म्हणजे 'हा पत्ता चालू आहे' अशी पोच देणे. रागाने उलट उत्तर लिहिणेही त्यातलेच. पत्रातील चित्रे आपोआप उघडू नयेत अशी सोय सेटिंग्जमध्ये असते, तीही वापरावी. काही चित्रे केवळ पत्र उघडल्याची खबर पाठवणाऱ्याला देण्यासाठीच जोडलेली असतात.

पाठवणाऱ्याच्या नावावर तर विसंबूच नये. तेथे बँकेचे वा परीक्षा मंडळाचे नाव कोणीही लिहू शकतो. नावामागचा पूर्ण पत्ता उघडून पाहावा आणि पत्रातील दुवा दाबण्याऐवजी संबंधित संकेतस्थळ स्वतः टाइप करून उघडावे.

चाळणीही चुकते. प्रवेशाच्या दिवसांत स्पॅमचा कप्पा रोज एकदा तरी चाळायला हवा. त्यात खरे पत्र सापडले, तर 'स्पॅम नाही' अशी खूण करून पाठवणाऱ्याचा पत्ता संपर्कयादीत जोडावा. 'जीमेल'मध्ये या कप्प्यातील पत्रे ३० दिवसांनी आपोआप पुसली जातात.