गाईच्या पोटातला सोडा

मागच्या लग्नसराईत आमच्या गटातल्या एका ताईंची गाय दगावली. शेजारच्या मांडवात तीन-चार घमेली भात आणि बुंदी उरली होती. अन्न उकिरड्यावर जाण्यापेक्षा गाईच्या मुखी लागावं, म्हणून चांगल्या मनानं ते तिच्यापुढं ठेवलं. गाईनं चाटूनपुसून खाल्लं. दुसऱ्या दिवशी ती रवंथ करीना, दात खात उभी होती. शेण पातळ आणि त्याला आंबूस वास. डाव्या कुशीला हात लावला तर आत पाणी डुचमळल्यासारखं लागे. संध्याकाळी बसली ती उठलीच नाही. साप चावला असेल, नजर लागली असेल, असं बरंच बोलून झालं. गाय कर्जावर घेतलेली, हप्ते अजून चालू आहेत. म्हणून आम्ही ठरवलं, की साध्या भातानं गाय मरते कशी, हे एकदा नीट समजून घ्यायचं आणि तुम्हालाही सांगायचं.

माती तपासून आणली की कागदावर ‘सामू’ असा एक आकडा असतो, तो तुम्ही पाहिला असेल. ७ म्हणजे मधला. त्याच्या खाली आम्ल, म्हणजे आंबट, वर विम्ल. लिंबाचा रस २ ते ३ च्या दरम्यान, दूध साधारण ६.७. या आकड्यांत एक गोम आहे. ६ वरून ५ वर आलं म्हणजे थोडंसं आंबट झालं असं वाटतं, पण ते दहापट आंबट झालेलं असतं. आणि ४ वर गेलं तर शंभरपट.

गाईच्या कोठीपोटाचा सामू ६ ते ७ च्या दरम्यान असावा लागतो. तिथं कोट्यवधी जिवाणू राहतात आणि गाईसाठी कडबा-गवत पचवतात. हे काम करताना ते आम्लं तयार करतात, तीसुद्धा रात्रंदिवस. त्याच आम्लांवर गाय जगते, त्यातूनच दुधाला बळ मिळतं. मग एवढं आम्ल तयार होऊनही पोट आंबत कसं नाही? काही आम्ल पोटाच्या भिंतीतून रक्तात शोषलं जातं. उरलेल्याची सोय लाळ करते. मोठी गाय दिवसाला शंभर लिटरच्या वर लाळ गिळते, आणि त्या लाळेत आपल्या डब्यातला खाण्याचा सोडाच असतो म्हणा ना! सोडियम बायकार्बोनेट, आणि जोडीला फॉस्फेटचे क्षार.

हा सोडा काय करतो ते घरी करून बघता येईल. जास्वंदीच्या पाकळ्या गरम पाण्यात टाकून रंग काढा. दोन पेल्यांत पाणी घ्या, एकात चिमूटभर खाण्याचा सोडा विरघळवा, मग दोन्हींत जास्वंदीचं पाणी घाला. सोड्याचा पेला हिरवट दिसेल. आता दोन्हींत लिंबू पिळा, थेंब थेंब. साध्या पाण्याचा पेला एक-दोन थेंबांतच गुलाबी होतो. सोड्याच्या पेल्यात बुडबुडे येतात, रंग जरा जरा हलतो, पण लालभडक व्हायला किती तरी थेंब टाकत राहावं लागतं. (पाणी पावसाचं नाहीतर फिल्टरचं घ्या. आम्ही पहिल्यांदा बोअरचं घेतलं आणि फसलो. बोअरच्या पाण्यात याच जातीचे क्षार आधीच असतात, त्यामुळं साधा पेलाही लवकर दाद देईना.)

आंबट पदार्थ पाण्यात गेला की त्यातून हायड्रोजनचे सुटे कण बाहेर पडतात. सामू म्हणजे या सुट्या कणांचंच माप. सोड्यातलं बायकार्बोनेट असा सुटा कण दिसला की त्याला धरून ठेवतं. दोघांचं मिळून कार्बोनिक आम्ल होतं, आणि ते अगदी मवाळ असतं. त्यातलं बरंचसं पुढं मोडून पाणी आणि कार्बन डायऑक्साइड वायू होतो. पेल्यात तोच वायू बुडबुड्यांनी निघतो, गाय तो ढेकरेवाटे सोडते. उलट विम्ल पदार्थ आला, तर हेच मवाळ आम्ल आपल्याजवळचा कण सोडून देतं आणि सामू वर चढू देत नाही. कण धरणारा एक आणि सोडणारा एक, अशी जोडी ज्या पाण्यात असते त्याला शास्त्रात बफर द्रावण म्हणतात. आपल्या गटाच्या पेटीसारखंच आहे हे. कुणी भरतं, कुणी उचलतं, आणि त्यामुळं एखाद्या घरावर अडचण आली तरी घर लगेच डगमगत नाही.

पण पेटीत असेल तेवढंच देता येतं. बफर आम्ल संपवून टाकत नाही, ते झेलतं. आणि झेलायची ताकद संपली की पुढचा थोडासा आंबटपणाही सामू एकदम खाली पाडतो. पेल्यातही लिंबू पिळत राहिलात तर शेवटी रंग पटकन पालटतो, बघा.

त्या गाईचं तेच झालं. भात, बुंदी, पीठ, दळलेलं धान्य यांतली साखर आणि पिष्ट जिवाणूंना आयतं मिळतं. ते भराभर वाढतात आणि लॅक्टिक आम्ल करू लागतात, म्हणजे दह्यातलंच आम्ल, पण पोटातल्या नेहमीच्या आम्लांपेक्षा बरंच कडक. दुसऱ्या बाजूला भात चावावा लागत नाही. चावणं नाही, रवंथ नाही, म्हणजे लाळही कमी. आवक वाढली त्याच वेळी पेटी रिकामी! सामू ५.५ च्या खाली गेला की कडबा पचवणारे जिवाणू मरू लागतात आणि आंबट सोसणारे तेवढे वाढतात, म्हणून आम्ल आणखी वाढतं. मग अंगातलं पाणी पोटात ओढलं जातं. ते डुचमळणं तेच. डोळे खोल जातात. शेवटी आम्ल रक्तात उतरतं. रक्तातही बायकार्बोनेटचंच बफर आहे, गाईच्याही आणि आपल्याही. माणसाच्या रक्ताचा सामू ७.३५ ते ७.४५ एवढ्या चिंचोळ्या वाटेनं चालतो. जुलाबात हा क्षार शरीरातून वाहून जातो, म्हणूनच जलसंजीवनीच्या पुडीत मीठ-साखरेबरोबर सायट्रेट घातलेलं असतं. शरीरात गेल्यावर त्याचं बायकार्बोनेट होतं.

आता गोठ्याचं. बफर वाढवायचा सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे गाईला चावायला लावणं. कडबा, वाळलेलं गवत यांनी रवंथ होते आणि लाळ सुटते. कुट्टी अगदी भुशासारखी बारीक केली की हा फायदा जातो. सकाळी आधी वैरण, मग खुराक. खुराक एकदम वाढवू नका, दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढवा, आणि एकाच वेळी न देता विभागून द्या. शेळ्यांनाही हेच लागू. खळ्यावर धान्याच्या राशी असतात तेव्हा शेळी सुटी नको.

भरपूर खुराक खाणाऱ्या दुभत्या गाईंना खुराकातून खाण्याचा सोडा देतात. एकूण कोरड्या चाऱ्या-खुराकाच्या पाऊण टक्क्याच्या आसपास तो पुरतो, पण आपल्या गाईचं माप डॉक्टरांकडून ठरवून घ्या. सोडा देतोय म्हणून कडबा कमी करणं मात्र आम्हाला पटत नाही. गाय स्वतः करते तेवढा सोडा तुम्ही विकत आणून घालू शकणार नाही. आणि धुण्याचा सोडा चुकूनही नाही. नाव सारखं, पण तो फार कडक असतो, तोंड-घसा भाजतो.

गाईनं जास्त धान्य किंवा शिळं अन्न खाल्ल्याचं कळलं, की लक्षणांची वाट पाहू नका. उरलेलं काढून घ्या, फक्त वाळलेली वैरण ठेवा आणि १९६२ या नंबरवर फोन करा. पशुवैद्यकीय मदतीचा तो सरकारी नंबर आहे, पैसे पडत नाहीत. किती खाल्लं आणि किती वाजता, हे दोन्ही सांगा. मलूल जनावराला नळकांड्यानं घरीच काही पाजायला जाऊ नका, ठसका लागून ते फुप्फुसात उतरतं.

त्या ताईंनी आता दुसरी कालवड घेतली आहे. परवा बारशाचा भात उरला, तेव्हा त्यांनी तो उन्हात वाळवला, आणि रोज मूठभर खुराकात मिसळतात.