तळचे पाहुणे वर आले तेव्हा

दिवाळीची साफसफाई म्हणजे आमच्या घरी मोहीमच! गेल्या वर्षी डबे, पंखे, जळमटे आटोपली आणि माझी नजर माशांच्या काचपेटीवर गेली. मग काय, पदर खोचला, वाळू धुतली, काचा घासल्या, जुने पाणी सगळे मोरीत ओतले आणि पहाटेच्या गार नळाचे नवे भरले. पेटी कशी आरशासारखी झाली! खूश होऊन मी चकल्यांकडे वळले.

तासाभराने चिरंजीव ओरडले, "आई, लोच तरंगताहेत!"

खाऊच्या पैशांतून त्याने आणलेले ते पाच पट्टेरी लोच. बोटभर लांब, तोंडाशी मिशा, सदा तळाशी हुंगत फिरणारे. कुशीवर पडून झोपायची त्यांना खोडच असते. म्हणून मी म्हटले, "झोपले असतील रे!" पण झोपलेला लोच तळाशी पडतो. हे शेपटी मारून खाली जात आणि बुचासारखे पुन्हा वर येत.

शेजारचे आबा प्राणिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. त्यांनी काचेवर बोट ठेवले. "सूनबाई, हे पाहा." काचेला, पानांना, माशांच्या परांनासुद्धा बारीक बुडबुडे चिकटले होते.

"नळातल्या गार, दाबाखालच्या पाण्यात वायू जास्त विरघळलेला असतो. ते तुझ्या हीटरने तापले आणि सोड्याच्या बाटलीचे बूच उघडावे तसे झाले. तोच वायू माशाच्या रक्तात आणि वाताशयात शिरला. वाताशय म्हणजे त्याची तरंगण्याची पिशवी. ती फुगली, मग तळ कसा गाठणार? नदीत मीटरभर खाली गेला तर तिथला दाब १० टक्के जादा वायू दाबून ठेवतो. तुझ्या पेटीत तेवढी खोली कुठली?"

त्यांनी हवेचा पंप जोरात सोडायला लावला. पाणी खळखळले की जादा वायू निघून जातो. क्लोरीन मारणारे थेंबही घातले. "दुसरे औषध मात्र नको. लोचचे खवले फार बारीक, औषध चटकन बाधते."

रात्री चिरंजीव पेटीपाशीच बसून राहिले. सकाळी चार लोच तळाशी होते. पाचवा गेला होता. मोगऱ्याच्या कुंडीत त्याला पुरले. अभ्यंगाच्या पहाटे मुलगा माझ्याशी बोलला नाही.

आबांनी नंतर सांगितले, हा मासा आपल्या सह्याद्रीतल्या नद्यांचा. १९२० साली नारायण राव यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन केले, आणि आज तो धोक्यात आलेल्या प्रजातींत मोडतो. ऐकून मला अधिकच लागले.

म्हणून सांगते, भगिनींनो, पेटी लखलखीत करू नका! पाणी एका वेळी चौथाईच बदला. नवे पाणी रात्रभर बादलीत ठेवा, ढवळा, पेटीइतके कोमट करा, थेंब घाला. वाळू पेटीतल्याच काढलेल्या पाण्यात विसळा. तिच्यातले जिवाणू घाण पचवतात.

यंदा साफसफाईला चिरंजीवांनी स्वतःच माझ्या हाती मग दिला. "आई, चौथाईच हं!"

मी मान डोलावली. तळाशी चौघे वाळू हुंगत होते.