बाळासाठी नसलेली साखर

‘प्रीबायोटिक पावडर रोज घ्यावी का?’ असं वाचक हल्ली वारंवार विचारतात. माझं उत्तर: धडधाकट माणसाला तिची गरज नाही. प्रीबायोटिक म्हणजे आपल्याला न पचणारी, पण आतड्यातल्या उपयुक्त जिवाणूंचं खाद्य होणारी कर्बोदकं. कांदा, लसूण, गहू, कडधान्यं यांत ती असतातच. एकदम वाढवली तर पोट फुगतं, एवढं ध्यानात ठेवावं. या विषयाची खरी गंमत आहे ती आईच्या दुधात.

लॅक्टोज आणि स्निग्धांश यांच्याखालोखाल या दुधात सर्वांत जास्त असतात त्या ऑलिगोसॅकराइड नावाच्या शर्करा. लिटरमागे साधारण ५ ते १५ ग्रॅम, प्रकार दीडशेहून अधिक. आणि बाळाला त्या जवळजवळ पचतच नाहीत! त्या तोडणारी विकरंच त्याच्याकडे नसतात. मग बाळंतिणीचं शरीर हा खटाटोप कशासाठी करतं? लेकराबरोबर त्याच्या पाहुण्यांचंही पान मांडण्यासाठी. या शर्करा जशाच्या तशा मोठ्या आतड्यात उतरतात. तिथे बायफिडोबॅक्टेरियम इन्फँटिस हा जिवाणू त्या अख्ख्याच्या अख्ख्या पेशीत ओढून घेतो, आत तोडतो आणि अ‍ॅसिटेट, लॅक्टेट बाहेर सोडतो. आतड्यातली आम्लता वाढते आणि अनेक रोगजंतूंना तिथे तग धरणं अवघड होतं.

हे कोडं सोडवण्यात मोठा वाटा पॉल ज्यॉर्जी यांचा. हंगेरीत जन्मलेले हे बालरोगतज्ज्ञ जर्मनीत रिचर्ड कून यांच्याबरोबर जीवनसत्त्वांवर काम करत होते. नाझी सत्तेवर आल्यावर, १९३३ मध्ये, त्यांनी जर्मनी सोडली. जीवनसत्त्वांवरच्या कामासाठी १९३८चं नोबेल मिळालं ते कून यांना. पुढे पेनसिल्व्हेनियात ज्यॉर्जींना आईच्या दुधावाचून नीट न वाढणारा बायफिडोबॅक्टेरियमचा एक वाण सापडला. दुधातला कोणता अंश मिसळला की तो वाढतो, हे तपासत ते या शर्करांपर्यंत पोहोचले, आणि त्यांची रचना उलगडायला पुन्हा कूनच सोबतीला आले! ‘प्रीबायोटिक’ हा शब्द रूढ झाला १९९५ मध्ये, ज्यॉर्जींच्या पश्चात जवळपास वीस वर्षांनी. डब्यांवर तो ठळक छापला जातो. ज्यॉर्जी मात्र विस्मरणात गेले, याची मला मनापासून खंत वाटते.

आता पुन्हा पावडरीच्या प्रश्नाकडे. ओडिशाच्या खेड्यांत साडेचार हजारांवर नवजात बालकांवर झालेली चाचणी २०१७ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाली. आठवडाभर लॅक्टोबॅसिलस प्लँटारम हा जिवाणू आणि फ्रुक्टो-ऑलिगोसॅकराइड एकत्र दिल्यावर पहिल्या दोन महिन्यांतलं जंतुदोष किंवा मृत्यूचं प्रमाण ९ टक्क्यांवरून ५.४ टक्क्यांवर आलं. फार मोलाचं काम. पण तिथे जिवाणू आणि शर्करा दोन्ही होते, आणि बाळं होती स्तनपानावर. त्याचा दाखला देऊन मोठ्यांना नुसती पावडर विकणं मला अप्रामाणिक वाटतं.