लोकरीवाचून लोकरीचा धंदा

१९८४ साली आल्पाकांचे पहिले मोठे कळप अमेरिकेत उतरले, तेव्हा तिथल्या लोकांना हा प्राणी जवळजवळ अनोळखी होता. पेरू-बोलिव्हियाच्या पठारांवर तो हजारो वर्षं मुख्यतः लोकरीसाठी पाळला जातो. इंग्लंडातही टायटस सॉल्ट नावाच्या गिरणीमालकाने याच लोकरीच्या जिवावर ब्रॅडफर्डजवळ प्रचंड गिरणी काढली, कामगारांसाठी सॉल्टेअर नावाचं गाव वसवलं. अमेरिकेत पुढची पंचवीस वर्षं बोलणं लोकरीचंच चाललं, पैसा मात्र जनावरांच्या खरेदी-विक्रीत फिरत राहिला.

याचं गमक वंशावळीच्या नोंदवहीत होतं. नोंद असलेल्या जनावरालाच भाव. आणि १९९८ साली परदेशी जनावरांसाठी ही वही बंद झाली. कृत्रिम रेतनाने झालेलं पिल्लूही नोंदलं जात नसे. मादी साडेअकरा महिने गाभण राहते आणि बहुतेकदा एकच पिल्लू देते. म्हणजे माल वाढणार हळू, आणि दारात गिऱ्हाइकांची रांग. चांगल्या मादीला वीस-पंचवीस हजार डॉलर पडू लागले. निवृत्त जोडप्यांना भुरळ घालणाऱ्या जाहिराती टीव्हीवर झळकल्या. शिवाय जनावराची किंमत करपात्र उत्पन्नातून वजा करता येई, ही सोय होतीच.

लोकरीचा हिशेब कुणी मांडला असता तर? एका जनावराची वर्षाची लोकर दोन-तीन किलो. गोठ्यात दहा-वीस जनावरं, रंग निरनिराळे, कुणाची लोकर तलम तर कुणाची जाडीभरडी. गिरणीला एकसारखा माल लागतो, तोही टनांनी. पेरूत अरेकिपाच्या गोदामांत बायका नुसत्या बोटांनी तलमपणा ओळखून लोकर निवडतात, आणि त्यांच्यामागे लाखो जनावरांचे कळप असतात. अमेरिकेत लोकर गोळा करायला सहकारी संस्था निघाली, तरी अनेकांची पोती घरीच पडून राहिली.

टीना सायटोन आणि रिचर्ड सेक्स्टन या कॅलिफोर्नियातल्या दोन अर्थतज्ज्ञांनी २००७ साली स्पष्टच लिहिलं: लोकरीच्या उत्पन्नातून हे भाव कधीच निघणार नाहीत, हा निव्वळ सट्टा आहे. तरीही २०१० साली एका नरासाठी लिलावात पावणेसात लाख डॉलर मोजले गेले! तोवर २००८च्या मंदीने नवी गिऱ्हाइकं आटत चालली होती. मग भाव असे कोसळले की काहींनी जनावरं फुकट देऊ केली. आपल्याकडे ज्यांनी इमूपालनाचं वारं पाहिलंय, त्यांना यात नवल वाटणार नाही. इमूचं मांस खाणार कोण, हे तेव्हाही कुणी विचारलं नव्हतं.

ज्यांनी कळप विकले नाहीत, ते आता वसंतात लोकर कातरून छोट्या गिरण्यांकडे पाठवतात. सूत, टोप्या, मोजे करून घेतात आणि गावच्या बाजारात विकतात. धंदा लहान आहे, पण त्यात लोकर विकली जाते.